माझ्यावाचून अडलेला डोंगर

१२ मे, दुपारी ४.१०
सुट्टीचे आठ दिवस गेले, बारा उरले. झोपून उठल्यावर शांतपणे आढावा घेतला.

मी गेले अकरा महिने आफ्रिकेत, मलावी देशातल्या म्पालेरा नावाच्या डोंगरी गावात स्वयंसेवक आहे. (हे मला माहीत आहे. पण रोजनिशी लिहायची तर पाया पक्का हवा.) काम डोंगरउतारावर समतल चर खणण्याचं, म्हणजे पावसाचं पाणी पळून न जाता तिथंच मुरेल. साठ मीटर झालं आहे, तीनशे राहिलं आहे. लिंबानी हा तिथला माझा सहकारी. निघताना त्याला चौदा पानी सूचना देऊन आलो. सारांश असा की मी परत येईपर्यंत कोणी कुदळीला हात लावू नये. चराची लाइन आखणं नाजूक काम असतं. त्याला मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप लागतं आणि ते माझ्या मोबाइलमध्ये आहे.

२ जूनला तिथली गावसमिती संस्थेला पत्र देणार, मला दुसरं वर्ष द्यायचं की नाही याचं. फॉर्मॅलिटी आहे. इथं दहिवडीत मी सगळ्यांना दोन वर्षं असंच सांगून ठेवलंय.

उरलेल्या दिवसांचे संकल्प: पहाटे पाचला उठणे. गेल्या पावसाळ्यात फुटलेला आबांच्या (माझ्या वडिलांच्या) रानातला मोठा बांध स्वतःच्या हातांनी घालणे. आबा जाऊन चार वर्षं झाली, त्यांना बरं वाटेल. आईला वेळ देणे. चहा बंद.

चहा आला. तो संकल्प उद्यापासून.

१३ मे, संध्याकाळी ६
आठ चाळीसला जाग आली. मलावीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. म्हणजे तिकडच्या हिशेबाने मी पाच दहाला उठलो. संकल्प मोडलेला नाही, दहा मिनिटं उशीर झाला इतकंच.

साडेदहाला रानात गेलो. भाऊसो (माझा थोरला भाऊ), मंगलवहिनी, आई आणि आणखी पाच घरांची माणसं सकाळपासून बांधावर होती. आमच्याकडे असली कामं पैऱ्यानं होतात. आज त्यांनी आमच्या रानात यायचं, मग आम्ही त्यांच्या रानात जायचं. पैसा नाही, सही नाही, सगळं लक्षात ठेवायचं. पद्धत जुनाट आहे. हजेरीपत्रक नाही, आराखडा नाही, उद्घाटन नाही. मी उभ्या उभ्या त्यांना लोकसहभागाचे पाच टप्पे समजावायला घेतले. पैऱ्याला आलेल्या जोतिबाआप्पांनी वाकलेल्या अवस्थेतच विचारलं की यात पाटी उचलायचा टप्पा कितवा. चौथा, असं मी सांगितलं.

ऊन फार होतं. तिसऱ्या टप्प्यानंतर घरी आलो.

१४ मे, दुपारी ३.३०
दुपारी दोन तास विश्रांती. झोपताना मोबाइल ऐंशी टक्के होता, उठल्यावर एकतीस. बॅटरी गेली. कॉल लॉगमध्ये लिंबानीचा व्हिडिओ कॉल दिसला, त्रेचाळीस मिनिटांचा. खिशात दाबला जाऊन लागला असणार. बिचाऱ्याचा केवढा डेटा गेला.

त्याचा मेसेज मात्र एकही नाही. माझ्यावाचून गाव किती गोंधळलं असेल याची कल्पना येते. दया येते.

जेवताना आईने विचारलं की तिथल्या डोंगराला मुरूम आहे का खडक. मला भरून आलं. अकरा महिन्यांत घरात कोणी माझ्या कामाचं काही विचारलं नव्हतं. चाळीस मिनिटं समजावून सांगितलं. शेवटी तिने एवढंच विचारलं की लाइन मोबाइलवरच आखली होती का. हो म्हणालो. त्यावर तिने भाकरी वाढली. प्रभावित झाली असावी.

१५ मे, दुपारी ३
पुन्हा तेच. एकोणऐंशी टक्क्यांवरून अठ्ठावीस. पुन्हा लिंबानीचा खिशातून कॉल, सदतीस मिनिटं. परत गेल्यावर पंधरावं पान वाढवायचं: मोबाइल खिशात कसा ठेवावा.

१६ मे, कराड, दुपारी १
माझ्या जुन्या कॉलेजात व्याख्यान. विषय ‘जागतिक ग्रामविकास: माझे अनुभव’. दोनशे खुर्च्या मांडा म्हणून आधीच कळवलं होतं. मांडल्या होत्या. नऊ विद्यार्थी आले. त्यातले चार पंख्याखाली बसले होते आणि एसटीची वेळ झाल्यावर उठून गेले. गुणवत्ता महत्त्वाची.

प्रश्नोत्तरं रंगली. एकाने व्हिसा कसा मिळतो ते विचारलं, दुसऱ्याने जेवण फुकट असतं का ते. नारळ, शाल आणि माझा फोटो असलेली फ्रेम मिळाली. फ्रेम मलावीला न्यायची. समितीला दिसली पाहिजे.

१७ मे, कुंडल
मामांकडे मुक्काम. मामांनी विचारलं की तिकडं ऊस आहे का. आहे म्हणालो. मग मी तिथं काय करतो ते विचारलं. स्वयंसेवा, असं सांगितलं. मामी मध्येच म्हणाल्या की म्हणजे पैरा. मी समजावलं की पैऱ्यात परतफेड असते, स्वयंसेवेत माणूस काही न घेता देतच राहतो. मामा म्हणाले, “मग तू जेवतूस कुणाचं?”

खेड्यातल्या माणसाला निःस्वार्थ हा शब्द समजावणं अवघड आहे. सकाळी सांगलीला गेलो. एका वर्तमानपत्राच्या कचेरीत माझी मुलाखत ठरलेली होती. संपादक नव्हते. जाहिरात विभागातल्या सद्गृहस्थांनी दर सांगितले.

१९ मे, दहिवडी, सकाळी १०
घरी आलो तर बांध पूर्ण. मी नसताना. थोडं लागलं मनाला. दोन दिवस थांबता आलं असतं.

भाऊसो म्हणाला की आता पैरा फेडायचा. पाच घरांच्या रानात जायचं, आई, वहिनी आणि तो मिळून किती दिवस ते ठरलं आहे. त्यातले अकरा दिवस त्याने माझ्या नावावर काढले आहेत. मी म्हणालो की पैरा पद्धतीला माझा तत्त्वतः पूर्ण पाठिंबा आहे, पण चोवीसला माझं विमान आहे. तो बैलांना पाणी पाजायला गेला. त्याला जागतिक दृष्टी नाही. मनाने चांगला आहे.

अंगणात वेगळाच प्रकार. आईने गवंड्याची ती पारदर्शक नळी आणली होती, पाणी भरलेली, भिंतीची लेव्हल बघायची. एक टोक आईच्या हातात, दुसरं शेजारच्या दगडाबाईंच्या. दोघी दोन टोकांना काठ्या रोवून उभ्या, आणि मंगलवहिनी मोबाइल धरून त्यांच्याभोवती फिरतायत. वहिनी अंगणवाडी सेविका आहेत, मोबाइल सरकारी कामाचा. रील करताहेत हे उघड होतं. मी तिघींना सोशल मीडियाच्या दुष्परिणामांबद्दल थोडक्यात सांगितलं. आई मला बाजूला सरक म्हणाली, सावली पडत होती.

२० मे, दुपारी ४
बॅटरी आपोआप सुधारली. आता दुपारी एक टक्कासुद्धा उतरत नाही. लिंबानीचे खिशातून येणारे कॉलही बंद. पंधरावं पान नको.

वहिनींचा मोबाइल मात्र सतत एंगेज असतो. बोलायचं नाही असं ठरवलं.

२१ मे, संध्याकाळी
आई आज फार आनंदात. म्हणाली, लिंबाजीची काळी शेळी व्याली, दोन पिलं, दोन्ही पाटी, म्हणजे माद्या. मी चांगलं झालं म्हणालो. हा लिंबाजी बहुतेक खालच्या वस्तीवरचा. आईचं जग किती लहान आहे. कुणाची तरी शेळी व्याली की दिवस साजरा.

पाचला उठण्याचा संकल्प मलावीच्या वेळेने रोज पाळला जातोय.

२२ मे, सकाळी ११
बॅग भरली. तेवीस किलोची मर्यादा. माझं सामान: कपडे, फ्रेम, शाल, ‘लोकसहभागाचे पाच टप्पे’ या माझ्या पुस्तिकेच्या दीडशे प्रती (मराठीत आहे, पण आकृत्या आहेत). आईने वरून कांदा-लसणाची चटणी तीन किलो, हुलगे दोन किलो आणि एक घोंगडं घातलं. जोतिबाआप्पांकडच्या ताणकाट्यावर, ज्याला ते करडं टांगतात, बॅग टांगली. एकतीस.

घोंगडं काढून ठेवलं. आईने परत घातलं. मी म्हणालो, मला तिथं ब्लँकेट आहे. ती म्हणाली, तुला न्हाई, ग्रेसला हाय, जूनात तिथं लय गार असतंय आन् तिला दम्याचा तरास हाय.

ग्रेस म्हणजे म्पालेराच्या महिला गटाची म्हातारी प्रमुख. तिच्याबद्दल मी घरात बोललो असणार. मी बोलतोच. दम्याचं मात्र मलाच माहीत नव्हतं.

२३ मे, दुपारी
उद्या निघायचं. आज बाहेर सावलीत एकटाच बसलो होतो. खरं लिहायचं तर, इथं मी कोण आहे? इंजिनियर झालो, चार वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या, भाऊसोच्या जिवावर जेवलो. चौकात गेलो की लोक विचारायचे, काय मग रविराज, काय चाललंय. त्या प्रश्नाची मला भीती बसली होती. म्पालेराला गेल्यावर पहिल्याच दिवशी लोक मला सर म्हणाले. सकाळी मी येईपर्यंत चाळीस माणसं झाडाखाली थांबलेली असतात. माझी वाट बघत. आयुष्यात कोणी इतकी वाट पाहिली नव्हती. दुसरं वर्ष मिळालं नाही तर मी परत त्या चौकात.

पण मिळणार. न मिळायला झालंय काय.

२४ मे, एसटीत, सकाळी ७.३०
निरोपाला गाव येईल म्हणून इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाव जोतिबाआप्पांच्या रानात गेलं होतं, पैऱ्याला. भाऊसो आणि वहिनीही तिकडेच. स्टँडवर फक्त आई आली, डोक्यावर रिकामी पाटी, मला बसवून तीही तिकडेच जाणार. किंचित लंगडत होती. चप्पल लागत असेल.

गाडी हलायच्या आधी खिडकीशी येऊन म्हणाली, “लिंबाजीला सांग, नळीत बुडबुडा ऱ्हाऊ देऊ नगं. एक जरी ऱ्हायला तरी समदी लाइन चुकतीया.”

मला काही कळलं नाही. हो म्हणालो. आईचं वय झालं. गाडी फलटणच्या पुढे जाईपर्यंत मला गलबलून येत होतं.

२६ मे, म्पालेरा, दुपारी २
जादा वजनाचे पैसे भरून पोचलो. कडाक्याची थंडी. फाट्यावर सत्काराला गाव दिसलं नाही, एकटा लिंबानी सायकल घेऊन उभा होता. भेटताच त्याने विचारलं की अमायींचा गुडघा कसा आहे. इकडे मोठ्या बाईला आदराने अमायी म्हणतात. मी विचारलं कुठल्या अमायी. तो म्हणाला, तुझ्या आई. उजवा गुडघा, दोन महिन्यांपासून दुखतोय.

मी म्हणालो बरा आहे. मग सायकलच्या कॅरियरवर बसलो. वीस दिवस मी त्या घरात होतो.

बॅगेत फ्रेम नाही. तिच्या जागी आणखी एक किलो चटणी आहे.

२७ मे, सकाळी ११
झाडाखाली कोणी नव्हतं. आठ ते सव्वानऊ मी एकटा हजेरीपत्रक घेऊन उभा राहिलो. मग डोंगरावर गेलो.

तीनशे मीटर चर पूर्ण झाला आहे. त्याच्यावर आणखी दोनशे. माझा साठ मीटरचा भाग बुजवून पुन्हा खणला आहे. लिंबानी फार नम्र माणूस आहे, त्याने फक्त हात करून दाखवलं की माझी लाइन एका टोकाला किती खाली उतरत होती. जवळजवळ दोन फूट. पाणी मुरलं नसतं, चरातून वाहत जाऊन खाली ग्रेसच्या घरात गेलं असतं. झुडपावर पारदर्शक नळीचं भेंडोळं टांगलं होतं.

मी विचारलं हे कोणी शिकवलं. त्याने सगळं सांगितलं. चौदा पानांतलं सहावं पान त्याला कळलं नाही म्हणून त्याने मला फोन केला. तिकडे दुपार, मी झोपलेलो. डोक्यावर पदर घेतलेल्या एका बाईंनी फोन उचलला. दुसऱ्या बाईंना इंग्रजी येत होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी चर दाखव म्हणून सांगितलं, पाहिला, आणि डोक्याला हात लावला. मग रोज, इथल्या सकाळी नऊला. पुढे दुसऱ्या बाईंच्याच मोबाइलवर, कारण मुलगा जागा झाला तर अडचण नको. नळी कशी धरायची, पाणी दोन्हीकडे सारखं उभं राहिलं की खूण कशी करायची, याला भाषा लागली नाही. बघून आलं.

बुडबुड्याबद्दल मी आईचा निरोप दिला. तो म्हणाला, ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण अमायींना खात्री लागते.

२८ मे
आणि पैरा. तोही आईनेच सांगितला. पूर्वी इथं चाळीस माणसं माझी वाट बघत बसायची, कारण काम माझं होतं. आता पाच-पाच घरांचे गट आहेत. आज ग्रेसच्या उतारावर, परवा लिंबानीच्या. कोणाला बोलवावं लागत नाही. माझ्या झोपडीचं गळकं छप्परही एका गटाने नवं घातलं आहे.

आईला फोन करून स्पष्ट बोलायचं ठरवलं, की माझ्या प्रोजेक्टमध्ये असा हस्तक्षेप प्रोफेशनल नाही. वहिनींचा मोबाइल एंगेज. बाहेर येऊन पाहिलं तर ग्रेस घोंगडं पांघरून उन्हात बसली होती, हातात लिंबानीचा मोबाइल, आणि चटणी खाऊन डोळ्यांतून पाणी काढत आईशी हसत होती.

पुस्तिकेच्या दीडशे प्रती चुलीसाठी चांगल्या आहेत, असं कळलं.

२ जून, दुपारी १
समितीची सभा. मी सात मिनिटांचं भाषण तयार ठेवलं होतं. ते शेवटी घेऊ म्हणाले.

पत्र वाचून दाखवलं. माझ्याबद्दल चांगलं लिहिलं आहे. मी सभ्य आहे, भांडत नाही, समोर येईल ते खातो. आणि मी त्यांना माझ्या घरचा नंबर दिला याबद्दल गाव कायमचं आभारी आहे. आता काम चालू आहे, त्यामुळे दुसऱ्या वर्षासाठी स्वयंसेवकाची गरज नाही. मात्र जमल्यास अमायी हरणाबाई यांना एक महिन्यासाठी पाठवावं.

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. भाषण कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

संस्थेचा ईमेल आला. माझी मुदत ३० जूनला संपते. सोबत स्वयंसेवक अर्ज जोडला आहे, आईचा भरायला मदत करावी, ही विनंती.

३ जून, दुपारी ३
ग्रेसने पहाटे पाचला दार वाजवलं. इथल्या पाचला, म्हणजे खऱ्या. माझ्या छपराचे पाच दिवस माझ्याकडे निघतात, आजपासून फेडायचे. तिने कुदळ हातात दिली. चौथा टप्पा फार लांब आहे. दोन्ही तळहातांना फोड आलेत, पेन बोटांच्या टोकांनी धरून लिहितोय.

आत्ता आईशी बोललो. दुसरं वर्ष मिळालं नाही, असं सांगितलं. परत चौकात उभं राहायचं म्हणून रडू येत होतं, तेही सांगितलं. ती म्हणाली, “चौकात कशाला हुबा ऱ्हातूस? सरळ रानात ये. तुजं अकरा दिस कुणी फेडल्यालं न्हाईत, मी फेडू दिलं न्हाईत. पाटी तुजी हितंच हाय.”

फोन ठेवायच्या आधी मी विचारलं की गुडघा कसा आहे.

ती म्हणाली, “तुला कुणी सांगितलं?”

मी म्हणालो, लिंबाजीनं.